डूमचा हात धरलेला मुलगा

एका चित्रकार बुवांना पैसे देऊन एक चित्र काढायला सांगितलं होतं, त्याच्या पेन्सिलचं स्कॅन आलं तेव्हा मी ऑफिसात मीटिंगमध्ये होतो. फोन टेबलाखाली धरून उघडलं आणि पोटात गोळा आला. अमेरिकन कॉमिक्समधला डॉक्टर डूम उभा होता. मुखवटा जागेवर, हूड जागेवर, गळ्याखालच्या दोन गोल चकत्या जागेवर. पण झग्यावर फुल्याच फुल्या. बारीक, घाईत मारलेल्या, पंचवीस-तीस तरी असतील. फुली म्हणजे चूक, एवढंच आमच्या शाळेनं शिकवलेलं. मला वाटलं, बुवांनी झगा रद्द केला. आता पुन्हा काढणार, म्हणजे ऑक्टोबर हातचा गेला.

मीटिंग संपायची वाटही न बघता मी मेल टाकला. झगा पुन्हा काढताय का? माझं काही चुकलं का?

संध्याकाळी ट्रेनमध्ये उत्तर आलं, एका ओळीचं. "फुली म्हणजे इथे काळं भरायचं."

कॉमिक्सच्या धंद्यातली ही जुनी खूण आहे. अमेरिकन मासिक कॉमिक्समध्ये पेन्सिल एकाची आणि शाई दुसऱ्याची अशी वाटणी असते. पेन्सिलवाला मोठा काळा भाग घासत बसत नाही, तिथे बारीकशी फुली मारून पुढे जातो. शाईवाल्याला कळतं. आमच्या बुवांची उमेदीची वर्षं दुसऱ्यांच्या पेन्सिलीवर शाई फिरवण्यात गेली. आता पेन्सिलही त्यांची आणि शाईही त्यांचीच, तरी स्वतःला चिठ्ठी लिहिल्यासारख्या ते फुल्या मारतात. आणि वीस वर्षं कॉमिक्सचे खोके घरात साठवणाऱ्या मला हे ठाऊक नव्हतं. बायकोला सांगितलं तर म्हणाली, "बरं झालं, मीटिंगमध्ये रडला नाहीस."

बुवांचं नाव सांगत नाही, त्यांना आवडणार नाही. पासष्टी ओलांडलेले आहेत. नव्वदच्या दशकात दर महिन्याला काम छापून यायचं, आता फक्त कमिशन घेतात. म्हणजे तुम्ही सांगायचं कोणतं पात्र हवं, पैसे भरायचे, आणि ते तुमच्यासाठी एकच चित्र काढणार. छापायला नाही, विकायला नाही, भिंतीवर लावायला. कागद तुमचा. पात्र मार्व्हल कंपनीचं ते कंपनीचंच राहतं, त्यामुळे त्याचे टी-शर्ट छापायचे बेत करू नयेत.

डूमची आणि माझी ओळख माटुंग्याची. १९९३ साल, मी अकरा वर्षांचा. किंग्ज सर्कलला फुटपाथवर जुनी पुस्तकं विकणारे बसायचे. वडिलांबरोबर गाइड घ्यायला गेलो होतो. गाइड मिळालं नाही, पण पाच रुपयांत एक इंग्रजी कॉमिक मिळालं. मुखपृष्ठ नव्हतं. पहिली दोन पानंही नव्हती. त्यामुळे गोष्ट कुणाची हे सांगणारं काहीच हाताशी नव्हतं, आणि माझं इंग्रजी मराठी शाळेतल्या पाचवी-सहावीचं.

मला दिसलं ते असं. हिरव्या झग्यातला, लोखंडी तोंडाचा एक राजा आपल्या मोडक्या देशातून चाललाय. बरोबर निळ्या कपड्यांतले चार पाहुणे. राजा त्यांना दाखवतोय, की बघा, मी नसताना इथे काय झालं. पडकी घरं, उपाशी माणसं. मग सध्याच्या राजाची यंत्रं येतात, एका बाईला मारतात, तिचा लहान मुलगा एकटा उरतो. आणि लोखंडी राजा त्या मुलाला आपल्याजवळ घेतो.

मला तो नायक वाटला. का वाटू नये? पाहुणे नुसते वाद घालत होते, मुलाला घेतलं त्यानं. पुढची सात-आठ वर्षं माझा तोच समज होता. कॉलेजात असताना सायबर कॅफेत तासाला तीस रुपये मोजून शोधलं तेव्हा कळलं, की ते 'फँटॅस्टिक फोर'चा २४७वा अंक होतं, ऑक्टोबर १९८२चं. लेखन-चित्रं जॉन बर्नची. निळ्या कपड्यांतले चौघे नायक. आणि माझा राजा म्हणजे जगातल्या नामचीन खलनायकांपैकी एक. गावाकडच्या लाडक्या काकांबद्दल मोठेपणी काहीतरी कानावर यावं, तसं झालं. विश्वास बसला, पण काका काही मनातून उतरले नाहीत.

डूमचा जन्म याच मालिकेच्या पाचव्या अंकात, जुलै १९६२च्या. लेखक स्टॅन ली आणि चित्रकार जॅक कर्बी यांनी घडवलेला, शाई जो सिनॉटची. पहिली गोष्ट आज वाचली तर हसू येतं. हा महाबुद्धिमान माणूस त्या चौघांतल्या सू स्टॉर्मला ओलीस धरतो आणि बाकीच्या तिघांना आपल्या कालयंत्रातून भूतकाळात पाठवतो. कशाला, तर ब्लॅकबिअर्ड चाच्याचा खजिना आणायला. त्यात मर्लिन जादूगाराची रत्नं आहेत म्हणे. कालयंत्र बनवता येतं त्याला, पेटी आणायला मात्र माणसं लागतात. आमच्याकडच्या मोठ्या साहेबांसारखंच. पण पोशाख त्या पहिल्याच अंकात बसला तो बसला. हिरवा अंगरखा, हूड, पोलादी चिलखत, कमरेला पिस्तुलाची खोळ. साठ वर्षांवर कितीजणांनी काढला, मूळ शिवण कुणाला फारशी उसवावी लागली नाही.

चेहऱ्याची भानगड पुढे आली. १९६४च्या वार्षिक अंकात लॅटव्हेरिया हा त्याचा देश, जिप्सी आईबाप, कॉलेजातला फसलेला प्रयोग आणि चेहऱ्याला झालेली इजा, आणि मग तिबेटमधल्या भिक्षूंकडून घडवून घेतलेलं चिलखत. मुखवटा पुरता थंड होण्याआधीच तो चढवतो. मुखवट्याखाली नेमकं काय, यावर चाहते आजही भांडतात. कर्बीचं म्हणणं असं, की व्रण अगदी बारीक आहे, पण स्वतःला परिपूर्ण समजणाऱ्याला तेवढाही सोसत नाही. बर्ननं १९८५ साली हाच धागा उचलला. आधी छोटासा व्रण, आणि खरा चेहरा जाळला तो गरम मुखवट्यानं. म्हणजे त्याच्या स्वतःच्या घाईनं. मी या पक्षाचा.

तर असा माणूस भिंतीवर हवा, ही इच्छा जुनी. न्यू जर्सीत नोकरी लागून स्थिरावल्यावर एकदा प्रयत्न केलाही होता. तो किस्सा थोडक्यात सांगतो, कारण आठवला की अजून जळजळ होते. एका चित्रकाराला अडीचशे डॉलर आगाऊ पाठवले, पूर्ण. पेपालवर 'मित्र-कुटुंब' असा पर्याय असतो, त्यानं तोच निवडायला सांगितला, पेपालची फी वाचते म्हणून. दोन वर्षं "पुढच्या आठवड्यात" ऐकलं, मग तेही ऐकू येईना. त्या पर्यायानं पाठवलेल्या पैशांना खरेदीदाराचं संरक्षण नसतं, कारण कागदोपत्री मी त्या गृहस्थाला मित्र म्हणून पैसे दिले होते. तेव्हापासून माझा नियम एकच. निम्मे आधी, निम्मे पेन्सिल बघितल्यावर, आणि दोन्ही वेळा 'वस्तू-सेवा'. जो यावर रागावेल त्याला नमस्कार.

बुवांची यादी वर्षातून एकदा उघडते. मार्च २०२४मध्ये उघडली ती मी शनिवारी सकाळी चहा बाजूला ठेवून पकडली. दर साधे होते. नुसतं डोकं, अर्धी आकृती, पूर्ण आकृती. दुसरं पात्र हवं असेल तर वर थोडे. रंग करत नाहीत, काळी शाई फक्त. कागद अकरा बाय सतरा इंच, म्हणजे आज कॉमिकचं मूळ पान ज्या मापावर काढतात तेच. माझे झाले साडेचारशे डॉलर.

मग मी शेण खाल्लं.

बुवांनी लिहिलं होतं, "काय हवं ते सांग." मी सांगितलं. दोन पानी मेल. डूम सिंहासनावर हवा, मागे किल्ला हवा, आकाशात वीज हवी. सिल्व्हर सर्फर नावाच्या दुसऱ्या पात्राची शक्ती चोरून त्याच्या फळीवर उडतो तो प्रसंग कुठेतरी सुचवता आला तर बघा. त्याच्या आईचं चित्र भिंतीवर, कारण तिच्या आत्म्यासाठी तो दर वर्षी पाताळातल्यांशी झगडतो. डूमबॉट, म्हणजे त्याच्यासारखेच दिसणारे यंत्रमानव, दोन-तीन. चौघांचे चेहरे ढगांत. सोबत संदर्भासाठी चौदा चित्रं जोडली. बायकोनं खांद्यावरून वाचलं आणि म्हणाली, "लग्नाच्या हॉलवाल्याला पण तू असाच मेल केला होतास."

उत्तर दोन दिवसांनी आलं. "ही चौदा चित्रं झाली. तुझं कोणतं?"

रागही आला आणि लाजही वाटली. आठवडाभर काही लिहिलं नाही. खोक्यातून ते बिनमुखपृष्ठाचं कॉमिक काढलं, माटुंग्याहून न्यू जर्सीतल्या एडिसनपर्यंत आलेलं, पानं पिवळी पडून कडेनं तुटायला लागलेली. आणि मग एवढंच लिहिलं, की डूम लॅटव्हेरियातल्या रस्त्यानं चाललाय, त्यानं एका लहान मुलाचा हात धरलाय. बस.

त्यांचं उत्तर या वेळी त्याच रात्री आलं. "हे काढता येईल."

जूनमध्ये थंबनेल आली. काड्यापेटीएवढी तीन चित्रं, एकाच कागदावर. पहिल्यात आपण खाली आणि डूम वर, खलनायक काढायची नेहमीची रीत. दुसऱ्यात पाठमोरा, झग्याचा काळा डोंगर आणि त्याला लागून एवढासा मुलगा. तिसऱ्यात आपली नजर मुलाच्या उंचीवर. त्यामुळे चौकटीच्या मधोमध येतो तो डूमचा चेहरा नाही, हात येतो. पोलादी पंजा आणि त्यात अडकलेली चार बोटं. मुखवटा वर, पानाच्या अगदी कडेला, हूडच्या सावलीत.

मला मुखवटा मोठा हवा होता. पैसे मुखवट्याचे देतोय, असंही मनात आलं. तसं सौम्य शब्दांत लिहिलं. बुवांनी लिहिलं की मुखवट्याला भुवया नाहीत, ओठ हलत नाहीत. कर्बी पोलादालाही रागवायला लावायचा, ते कर्बीला शोभायचं. बाकीच्यांनी डूमचा अभिनय हातांकडून करून घ्यावा. मी तिसरं निवडलं. खरं तर निवडायला लावलं.

जुलै २०२४मध्ये एक गंमत झाली. सॅन डिएगोच्या कॉमिक-कॉनमध्ये, म्हणजे कॉमिक्सच्या मोठ्या मेळाव्यात, जाहीर झालं, की येत्या ॲव्हेंजर्स चित्रपटात रॉबर्ट डाउनी ज्युनिअर डूम होणार. मंचावर त्यानं हिरव्या झग्यात उभं राहून मुखवटा काढला आणि एका रात्रीत सगळ्या जगाला डूम हवा झाला. आमच्या कंपूत ऑगस्टभर एकच विषय, कुणी डूमचे दर किती वाढवले. चौघांचा कंपू आहे आमचा. एक गुजराती फार्मासिस्ट, एक शाळेची बस चालवून निवृत्त झालेला आयरिश गृहस्थ, एक कॉलेजातली मुलगी आणि मी. दर दोन-तीन महिन्यांनी एका डायनरमध्ये भेटतो, चित्रांच्या फायली टेबलावर पसरतो आणि वेट्रेस कॉफीचं भांडं घेऊन आली की चौघेही अंगानं फायली झाकतो. मला धाकधूक, की बुवा आता वर पैसे मागणार. नाही मागितले. विषयसुद्धा काढला नाही.

मग सप्टेंबरात ते फुल्यांचं स्कॅन.

फुल्यांचा उलगडा झाल्यावर मी ते नीट बघितलं. निळ्या पेन्सिलीनं बांधणी, वर करड्या पेन्सिलीनं पक्की रेघ. ही फिकट निळी पूर्वी छपाईच्या कॅमेऱ्याला दिसायची नाही, म्हणून खोडायची गरज नसे. आता स्कॅनरचा जमाना, तरी जुने लोक निळीच वापरतात. मुलाच्या बोटांजवळ निळ्या रेघांचा गुंता होता. बोटं आधी डूमच्या अंगठ्याला धरून काढलेली, मग तळव्यावर सपाट ठेवलेली, आणि तिसऱ्या वेळी, जी पक्की केली ती, अर्धवट मिटलेली. नीट धरलेली नाहीत आणि सोडलेलीही नाहीत.

मी मेलमध्ये फक्त "उरलेले पैसे पाठवलेत" एवढं लिहिलं. जास्त लिहायची भीती बसली होती.

न्यूयॉर्क कॉमिक-कॉन १७ ते २० ऑक्टोबर. बुवा टेबल लावणार होते, चित्र तिथेच देणार होते. शनिवारी सकाळी एडिसनहून ट्रेननं पेन स्टेशन, तिथून पश्चिमेला जाव्हिट्स सेंटरपर्यंत चालत. सोबत चालणाऱ्यांत तीन बॅटमन, एक पिकाचू आणि तलवार दुमडता येत नाही म्हणून वैतागलेला कुणीतरी. आतली गर्दी दादर स्टेशनची, फरक एवढाच की इथे धक्का देणारा सॉरी म्हणतो आणि त्याच्या पाठीला पंख असतात. आर्टिस्ट ॲलीत लांबच लांब टेबलं आणि प्रत्येकामागे एक चित्रकार मान खाली घालून.

बुवा टेबलावर माझंच चित्र घेऊन बसले होते. सगळी शाई झाली होती, फक्त तो हात सोडून. झगा काळाकुट्ट, दगडी रस्ता, घरं, मुलाचा कोट, सगळं पूर्ण, आणि बरोबर मध्यभागी निळी-करडी पोकळी.

"म्हटलं, हा भाग तू बघशील," म्हणाले.

मी खुर्ची ओढली. पुढची चाळीस मिनिटं मी काही बोललो नाही, आणि माझ्या बाबतीत ही बातमी आहे.

पंज्याची बाहेरची रेघ ब्रशनं. सेबलच्या केसांचा ब्रश, नंबर दोन. शाईत बुडवायचा, रद्दी कागदावर फिरवत टोक आणायचं, मग कागदावर एकदाच. रेघ बारीक सुरू होते, मनगटाच्या वळणावर जाड होते, पुन्हा बारीक होत संपते. त्या जाड-बारीक होण्यातून पोलादाला वजन येतं. मग बोटांच्या सांध्यांच्या पट्ट्या निबनं. रिव्हेटसाठी प्लास्टिकची गोल भोकांची पट्टी काढली, एक रिव्हेट केला, थांबले, पट्टी बाजूला ठेवली आणि उरलेले हातानं केले. का, ते विचारलं नाही. जवळून बघितलं तर पट्टीचा तो एक रिव्हेट बाकीच्यांत परका दिसतो. आता भिंतीवर मला तोच पहिला दिसतो.

मुलाची बोटं सगळ्यात शेवटी. त्यांना ब्रश नाही, बारीक निब. आणि रेघ पूर्ण जोडली नाही, मधे मधे सोडली. पोलादाची रेघ सलग आणि बोटांची तुटक. बघताना ते कळत नाही, फक्त बोटं मऊ वाटतात.

या वेळात मागे माणसं जमली होती. पहिला आला तो घरी बनवलेला डूम. झगा पडद्याच्या कापडाचा, मुखवटा फोमचा, घामानं हैराण. तो चित्राकडे बघून आपोआप ताठ झाला आणि आपला हात पुढे करून तसा धरून बघायला लागला. मग दोन कॉलेजची मुलं. त्यांचा वाद व्रणावर, छोटा की मोठा, नेहमीचाच. एक बाई नुसती झग्याच्या काळ्याकडे बघत होती. म्हणाली, मार्करनं भरलेलं काळं जांभळट होत जातं काही वर्षांनी, ही खरी इंडिया इंक आहे ना? बुवांनी बाटली दाखवली. बाईनं मान डोलावली आणि निघून गेली. तिचं काम झालं होतं.

आणि आमच्या कंपूतला बसवाला. तो दुपारी दीडला पोचला, हॉट डॉग खात. खातच मागे उभा राहिला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "पोराचा बूट बघ."

मी बूट बघितला. मुलगा डूमबरोबर पुढे चाललाय, पण त्याचा मागचा पाय, उजवा, बाहेर वळलेला. टोक मागच्या रस्त्याकडे. "तीस वर्षं पोरांना बसमध्ये चढवलंय," म्हणाला. "जायचं नसतं तेव्हा पाय असा पडतो."

घरी बनवलेल्या डूमला ते पटलं नाही. त्याचं म्हणणं, मुलगा आईकडे वळून बघणारच, तिला नुकतंच मारलंय, याचा अर्थ डूम वाईट असा नाही. डूमनं त्याला वाचवलं. "मग बोटं का मिटलेली नाहीत?" कॉलेजच्या मुलांपैकी एक. "कारण लोखंड गार असतं," दुसरा. मग तिघे-चौघे एकदमच बोलायला लागले. वाचवतोय, पळवतोय, पोसणार, वापरणार. ज्यांनी तो अंक वाचलाय ते म्हणत होते, पुढच्या अंकांत मुलाचं काय होतं ते माहीत आहे ना? त्याच्या डोक्यात डूमचे यंत्रमानव डूमच्या आठवणी भरतात! ज्यांनी वाचला नव्हता ते म्हणत होते, आम्ही समोर आहे तेवढंच बघणार.

मी बुवांकडे बघितलं. ते ब्रश धूत होते. पाय मुद्दाम वळवलात का, हे मी विचारलं असतं, तर बहुतेक त्यांनी एका ओळीत काहीतरी सांगितलं असतं. विचारलं नाही. एकतीस वर्षं मला हा प्रसंग एकाच बाजूनं माहीत होता. त्यात शंकेला जागाच नव्हती, आणि आता ती माझ्या पैशांनी काढलेल्या चित्रात एका बुटाएवढी बसली होती. थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण डोळा हटेना.

मी चित्रासाठी नळी नेली होती, कॅलेंडर नेतात तशी. बुवांनी नळी बघितली आणि पहिल्यांदा आवाज चढवला. ब्रिस्टल बोर्ड, म्हणजे हा चित्राचा जाड कागद, कधी गुंडाळायचा नाही, शाईला तडे जातात. त्यांनी स्वतःच दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये चित्र घालून, चारी बाजूंनी टेप लावून दिलं. निघताना म्हणाले, आमच्या आधीच्या लोकांच्या मूळ पानांना कुणी पुठ्ठासुद्धा लावला नाही. हे मला वाचून माहीत होतं. छपाई झाली की त्या कागदांना किंमत नसे. खुद्द कर्बीला आपली पानं परत मिळवायला ऐंशीच्या दशकात वर्षानुवर्षं भांडावं लागलं, आणि अखेर मिळाली ती दोन हजार पानांच्या आसपास, काढलेल्यांच्या मानानं थोडीच. वाचणं वेगळं, आणि काखेत पुठ्ठा धरून गच्च भरलेल्या ट्रेनमध्ये एडिसनपर्यंत उभ्यानं येणं वेगळं.

फ्रेमचं मी शिकून गेलो होतो. चित्र मागून चिकटवायचं नाही, वरच्या दोन टोकांना कागदी बिजागऱ्यांवर टांगायचं. काठाची पट्टी आम्लमुक्त कागदाची. पुढे काच नको, अतिनील किरण अडवणारं ॲक्रिलिक हवं. फ्रेमवाल्यानं सगळं ऐकून घेतलं आणि दोनशे साठ डॉलरचा आकडा सांगितला. चित्राच्या निम्म्याहून जास्त. तिथे मात्र डूमला शोभेल अशा शांतपणे मी कार्ड काढलं.

कुठे लावायचं यावर घरात दोन बैठका झाल्या. बायकोचं म्हणणं, हॉलमध्ये नको, सोफ्यावर बसलं की तो मागे उभा आहे असं वाटतं. देवघरासमोर तर नाहीच नाही. झोपायच्या खोलीबद्दल मी तोंडही उघडलं नाही. शेवटी जिन्याच्या वळणावर जागा मिळाली. खालून वर येताना आधी मुलगा दिसतो, मग हात, आणि दोन पायऱ्या चढल्यावर मुखवटा. त्यानंतर घरात एक नवी बोलीच सुरू झाली. "डूम कचरा टाकून येणार आहे का?" "डूम कचरा टाकत नाही." "मग डूम जेवणारही नाही." डूम मुकाट्यानं कचरा टाकून येतो.

दिवाळीत आईचा व्हिडिओ कॉल आला. फराळाचे डबे, कुणाचं बाळंतपण, सोसायटीच्या लिफ्टचं रडगाणं, सगळं झालं. मग मी फोन घेऊन जिन्यापाशी गेलो.

"हे बघ आई, नवीन चित्र."

आईनं चष्मा लावला. बराच वेळ बघत राहिली.

"यम आहे का रे?"

"नाही गं. कॉमिकमधला आहे. खलनायक."

"यमच दिसतोय मला. आणि हा नचिकेत. बापानं म्हटलं ना, तुला मृत्यूला देतो, म्हणून निघालाय बिचारा." आणि मग, फोनच्या आणखी जवळ येऊन, "घाबरलाय, पण जातोय बघ."

कर्बीनं चिलखत काढताना मृत्यूची आकृती मनात धरली होती, हे चाहत्यांमध्ये सांगितलं जातं, मीही दहा ठिकाणी ऐकवलंय. आईला कर्बी कोण ते माहीत नाही. मी तिला काही सांगायला गेलो नाही. बसवाल्याला मात्र रात्री मेसेज केला, आणि नचिकेत कोण हे समजावताना आमची जेवणं थंड झाली.

"छान काढलंय," आई म्हणाली. "हातानं काढलंय ना? केवढ्याला पडलं?"

"साडेचारशे."

"डॉलर?" ती मनातल्या मनात गुणाकार करत होती, ओठ हलत होते. "म्हणजे अडतीस हजार झाले की रे!"

मी गप्प.

"फ्रेमसकट ना?"

"हो," मी म्हणालो.